केसाळ साखळी

ही गोष्ट १९९८ सालची. त्या काळी संगणकाचा पडदा पेटाऱ्याएवढा असे, आणि चार संगणक एकत्र जोडले की लोक मुद्दाम बघायला येत. संस्थेच्या तळघरात असे आठ जोडलेले होते. ज्या खोलीत ते होते तिला खिडकी नव्हती. पंख्यांचा एकसुरी आवाज, थंडगार फरशी, भिंतीला टेकवलेलं लोखंडी कपाट, आणि पडद्यासमोर गुडघ्यांवर शाल टाकून बसलेल्या बाई. धाकटीच्या मनात त्या वर्षाचं चित्र उमटतं ते असंच.

धाकटी म्हणजे बाईंची शेवटची विद्यार्थिनी. तिच्या आधी एक थोरली होती. ती पदवी हातात पडताच बँकेत नोकरीला लागली, आणि मागे राहिलेलीला आपोआप धाकटी हे नाव पडलं. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. बाई निवृत्तीला आल्या होत्या.

बाईंचं काम सांगायला सोपं होतं, करायला महाकठीण. बॅटरीच्या पोटात एक द्रव असतो. त्यातून लिथियमचे कण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातात, तेव्हा कुठे वीज मिळते. पण हा द्रव पेट घेतो. वरच्या मजल्यावर एक रसायनतज्ज्ञ होता. दिवसभर ढवळणं, वितळवणं आणि पसरवणं चालायचं म्हणून सगळे त्याला आचारी म्हणत. त्याच्या डाव्या हाताची कातडी अशाच एका पेटलेल्या बॅटरीने कायमची आक्रसून गेली होती. द्रवाच्या जागी घन पॉलिमरचा पातळ पापुद्रा घातला तर आगीची भीती जाते. अडचण एकच, की घन पदार्थातून कण सरकत नाहीत. पॉलिमर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या. साखळीवरच्या प्राणवायूच्या अणूंमध्ये लिथियमचा कण पोकळीत बसल्यासारखा बसतो. साखळी वळवळली तर तो हातोहात पुढच्या पोकळीत जातो. गरम केलं की साखळ्या वळवळतात. साध्या हवेत मात्र त्या आखडून पडतात आणि कण जागच्या जागी अडकतात.

बाई तीस वर्षं एकच गोष्ट सांगत होत्या. साखळीला बाजूने आखूड आखूड फांद्या लावा. कणा आखडू दे, फांद्या हलत राहतील आणि कण फांदीवरून फांदीवर जातील. परिषदांमध्ये लोक हसायचे. 'बाईंची केसाळ साखळी' असं तिचं नाव पडलं होतं. बाईही हसायच्या. "टकल्यांना केसांचं महत्त्व काय कळणार," म्हणायच्या आणि पुढची स्लाइड दाखवायच्या.

आचाऱ्याने फांद्यांची साखळी दोनदा बनवून पाहिली होती. दोन्ही वेळा घाण मिसळली. पुन्हा बनवायला वर्ष लागणार होतं आणि पैसे. पैसे मिळण्यासाठी आधी संगणकावर दाखवावं लागणार होतं की ही साखळी खरंच चालते. विभागप्रमुखांनी सत्र संपेपर्यंतची मुदत दिली होती. त्यानंतर तळघरातली खोली दुसऱ्या गटाकडे जाणार होती.

पण धाकटीची घाई त्यासाठी नव्हती. बाई विसरायला लागल्या होत्या.

सुरुवात अगदी बारीक होती. चष्मा, छत्री, भाषणात मध्येच निसटलेला शब्द. मग एकदा त्यांनी धाकटीला थोरलीच्या नावाने हाक मारली आणि बँकेतली नोकरी कशी चाललीय म्हणून विचारलं. काकांनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, डॉक्टरांना दाखवून आणलं. काका दंतवैद्य होते, बोलायला मोठे गमतीदार. "मी जन्मभर पोकळ्या बुजवल्या, हिने जन्मभर पोकळ्या जपल्या," असं ते लोकांना सांगायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी धाकटीला जिन्यात गाठलं आणि नुसतं म्हणाले, "लवकर कर. तिला कळेल तोवर कर."

धाकटीला तेवढंच हवं होतं. बाईंचं खरं ठरलेलं बाईंना कळावं.

बाईंची काम करण्याची एक तऱ्हा होती. साखळ्या कशाही टाकून पेटी भरणारा प्रोग्रॅम सगळे वापरायचे. पेटी म्हणजे संगणकातला एक काल्पनिक चौकोनी तुकडा, ज्यात काही हजार अणू कोंबलेले असतात. बाई प्रोग्रॅम वापरायच्या नाहीत. प्रत्येक साखळी त्या माउसने स्वतः रचायच्या. कडी, फांदी, वळण, पुन्हा कडी. एखादी दाटीत बसली नाही तर काढून पुन्हा घालायच्या. धाकटीला हे आधी खुळेपण वाटलं होतं. "बाई, शेवटी ती विसरणारच ना," ती म्हणायची. "मग कशी रचली याने काय फरक पडतो?"

हे बरोबरच होतं. पेटी चालू केली की साखळ्या हलू लागतात, आणि हळूहळू त्यांची मूळ रचना पुसली जाते. ती पूर्ण पुसली जाईपर्यंत काहीच मोजायचं नसतं, कारण तोवर तुम्ही पॉलिमर मोजत नसता, स्वतःची मांडणी मोजत असता. साखळ्यांना सुरुवात किती आठवते याचा आलेख काढतात. तो वरून सुरू होऊन उतरत उतरत शून्याला टेकतो. टेकला की पुढचं सगळं खरं. बाई सकाळी खोलीत येताना दुसरं काही बोलायच्या नाहीत. शाल सारखी करत विचारायच्या, "पडला का ग विसर?"

"फरक काहीच नाही पडत," त्या वेळी बाई म्हणाल्या होत्या. "पण ज्यांना आपण असं हलवून सोडणार, त्यांना निदान नीट बसवून तरी द्यावं."

फांद्यांच्या साखळ्यांची पेटी बाईंनी त्या वर्षीच्या हिवाळ्यात रचली. हाताला आठवत होतं, डोक्याला नाही, असे दिवस होते ते. घरचा पत्ता सांगताना अडखळणारी बाई पडद्यासमोर बसली की शांतपणे फांदीमागून फांदी लावत जायची. धाकटी शेजारी बसून बघायची. इतकं सुंदर काम तिने आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही कधी पाहिलं नाही. शेवटची साखळी घालून झाल्यावर बाईंनी माउस बाजूला ठेवला आणि तळहात बघितले, मळ लागलाय का बघावं तसे.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता तू बघ."

दुसऱ्या दिवसापासून त्या तळघरात आल्या नाहीत.

पेटी चालू झाली. आलेख उतरू लागला, अगदी शहाण्या मुलासारखा. लिथियमचे कण फांदीवरून फांदीवर जात होते. धाकटी पडद्यावर त्यांचे जांभळे ठिपके बघत बसायची आणि तिला आनंदाने रडू फुटायचं बाकी राहायचं. आठवड्याच्या शेवटी आलेख शून्याच्या जवळ आला. सोमवारी सकाळी तिने पडदा चालू केला, तर तो परत वर चढत होता.

असं होत नाही. गरम दुधात मिसळलेली साखर परत दाणे होऊन चमच्यात येत नाही. धाकटीने चूक शोधली. फाइल चुकून दोनदा जोडली गेली असेल, जुनं नवं मिसळलं असेल. तसं नव्हतं. तिने कणांना सुरुवातीचे वेग नव्याने वाटून दिले, म्हणजे हालचाल पूर्ण वेगळी व्हायला हवी. आलेख उतरला, शून्याच्या जवळ रेंगाळला आणि चढला. तिने दुसऱ्या संस्थेतल्या मैत्रिणीकडे पेटी पाठवली. तिथल्या यंत्रावरही तेच. मग तिने पेटी इतकी तापवली की खरा पॉलिमर असता तर करपून गेला असता.

त्यातूनही साखळ्या परत आल्या.

तिने त्याचं चलचित्र करून पाहिलं. आधी नुसता गोंधळ, वळवळ, काही ओळखू येत नाही. मग कडेची एक साखळी मागे सरते. मग तिच्या शेजारची. मध्यंतर संपल्यावर लोक एकमेकांच्या पायांवरून, माफ करा म्हणत, आपापल्या खुर्चीशी जावेत, तशा त्या सगळ्या बाईंनी ठेवल्या होत्या तिथे जाऊन बसल्या. फांद्यांसकट.

धाकटीने ते चलचित्र आचाऱ्याला दाखवलं. तो वर, रबरी हातमोजे जडवलेल्या काचेच्या पेटीत हात घालून काम करत होता. हात बाहेर काढून तो खाली आला, दोनदा बघितलं आणि म्हणाला, "तुझ्या प्रोग्रॅममध्ये बग आहे. ढेकूण."

"दोन वेगळ्या यंत्रांवर?"

"ढेकूण पाठवलास ना तूच." आक्रसलेल्या हाताने त्याने पडद्यावरची धूळ पुसली. "विभागप्रमुखांना दाखवू नकोस. ते खोली आधी काढून घेतील, मग तुला सुट्टी घ्यायला सांगतील."

जी साखळी विसरत नाही तिच्यावर काहीच मोजता येत नाही. कण इतके छान चालत असूनही कागदावर त्याची किंमत शून्य होती. आणि बाई दिवसेंदिवस विझत होत्या. धाकटी दर दोन दिवसांनी त्यांच्याकडे जायची. दारात उभ्या राहून बाई हसून विचारायच्या, "डॉक्टरांना दाखवायचंय का दात? आत या, बसा."

मग एका सकाळी काकांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता इतका हलका. "अगं, ये आधी. आज डोकं कसं स्वच्छ आहे तिचं बघ."

खरंच होतं. बाई स्वयंपाकघरात उभ्या राहून भाजी निवडत होत्या. धाकटीला बघताच म्हणाल्या, "वजन उतरलंय तुझं. जेवतेस की नुसते आलेख खातेस?" मग तासभर त्या बोलत होत्या. कणांबद्दल, थोरलीबद्दल, आचाऱ्याने पापुद्रा वाळवताना केलेल्या घाईबद्दल. निघताना काकांनी सहज विचारलं, "आज कामाला सुट्टी का?"

"तळघरात वायरिंग बदलतायत काका. सकाळपासून यंत्रं बंद आहेत."

दुसऱ्या दिवशी वीज आली. तिने पेटी चालू केली. संध्याकाळी फोन केला तर काका म्हणाले, झोपलीय, आणि लगेच फोन ठेवला.

धाकटी विज्ञानाची विद्यार्थिनी होती. एकदा घडलं तर योगायोग म्हणायचा, हे तिला शिकवलं होतं आणि बाईंनीच शिकवलं होतं. म्हणून पुढच्या आठवड्यात, काकांना काही न सांगता, तिने भर दुपारी पेटी थांबवली. थोडं थांबून फोन केला.

"आत्ताच म्हणाली चहात साखर कमी आहे," काका म्हणाले. "कित्येक दिवसांत चवीबद्दल काही बोलली नव्हती."

तिने पेटी चालू केली. तासाभराने परत फोन केला. "आता परत मला ओळखत नाही," काका म्हणाले. मग काकांनी विचारलं, "तू काही करतेयस का?"

धाकटीचं लक्ष चालू पेटीकडे गेलं.

"वायरिंगचं काम परत निघू शकतं का?" ते म्हणाले. "लांबू शकतं?"

तिने पेटी थांबवली. खोलीच्या दारावर 'दुरुस्ती चालू आहे' असा कागद लावला आणि स्वतः वाचनालयात जाऊन बसू लागली. आचाऱ्याला तिने सगळं सांगितलं. तो हसला नाही. "बंदच ठेव मग," एवढंच म्हणाला. त्याचं एक वर्षाचं काम त्या पेटीवर अवलंबून होतं.

ते दिवस धाकटीच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. बाई रोज सकाळी तिला घेऊन चालायला जायच्या. नदीकडे उतरणारा रस्ता, पोस्टासमोरचे बाक, कुत्र्याला फिरवणारे एक सेवानिवृत्त न्यायाधीश, ज्यांच्याशी बाईंचं कुत्र्याच्या आज्ञाधारकपणावरून जुनं भांडण होतं. बाईंना सगळं आठवत होतं. धाकटीने सहा वर्षांपूर्वी मुलाखतीला घातलेल्या पोशाखाचा रंगसुद्धा. काका मागून पिशवी घेऊन यायचे आणि दोघींना बोलू द्यायचे.

पेटीबद्दल बाईंनी एकदाच विचारलं. धाकटी म्हणाली, काम चालू आहे. बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि विषय बदलला.

मग एका सकाळी चालायला जायची वेळ झाली तरी बाई घरी नव्हत्या. धाकटी धावत तळघरात गेली. दारावरचा कागद काढून घडी करून टेबलावर ठेवलेला होता. बाई शाल घेऊन पडद्यासमोर बसल्या होत्या.

"दुरुस्ती कसली?" त्यांनी विचारलं.

धाकटी दारातच थांबली.

"तो परत चढणारा आलेख पाहिला मी. चलचित्रही पाहिलं." त्या थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. आपल्या लेकीचा फोटो बघावा तसं. "माझ्यासाठी बंद ठेवलीस का ग?"

"बाई, घरी चला."

"हे सिद्ध व्हायचं राहिलं तर मी स्वच्छ डोक्याने काय करू? न्यायाधीशांशी भांडू?"

"थोडे दिवस. आणखी थोडे दिवस बाई, मग करू."

"मग मुदत संपेल." त्यांनी धाकटीचा हात धरून खाली, शेजारच्या खुर्चीवर बसवलं. "मी ती फार घट्ट रचली. चूक माझीच. आता सोडते."

"म्हणजे काय?"

बाईंनी चष्मा नीट केला आणि बटण दाबलं.

पंख्यांचा आवाज वाढला.

आलेख उतरू लागला. बाई रोज येऊन बसायच्या. काका आणून सोडायचे, दुपारी घेऊन जायचे. काकांनी धाकटीला एका शब्दानेही दोष दिला नाही. पहिल्या दिवशी बाई बोलत होत्या. दुसऱ्या दिवशी कमी. मग त्यांना खोलीचा दरवाजा कुठे आहे ते सापडेनासं झालं.

आलेख शून्याच्या जवळ आला.

तो शून्याला टेकला.

ती वाट बघत राहिली. आचारी येऊन मागे उभा राहायचा, आलेख बघायचा आणि जायचा. आलेख शून्यावरच राहिला. सरळ, सपाट, वाऱ्यावर धरलेल्या दोऱ्यासारखा किंचित थरथरणारा. कण मोकळे चालत होते. साध्या हवेत, ज्या वेगाची कोणी कल्पनाही केली नव्हती त्या वेगाने, फांदीवरून फांदीवर.

धाकटीने आकडे काढले, आलेख छापला आणि बाईंच्या मांडीवर ठेवला.

बाईंनी तो उचलून नीट पाहिला. बोट रेघेवरून हळूच फिरवत नेलं. त्यांचा चेहरा उजळला.

"फार छान आहे," त्या म्हणाल्या. "कोणी केलं हे?"

"तुम्हीच, बाई."

"छे." त्या हसल्या. "ज्या कोणी केलंय ना, ती फार हुशार असणार. एकदा गाठ घालून द्या तिची माझी."

विभागप्रमुखांनी खोली काढून घेतली नाही. उलट पुढच्या वर्षीच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर केसाळ साखळी छापली आणि आपला फोटो आत घातला. मग ते मोठ्या हुद्द्यावर गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. आचाऱ्याने तिसऱ्यांदा पॉलिमर बनवला. या वेळी त्याने घाई केली नाही. सायीसारखा पातळ पापुद्रा निघाला आणि संगणकाने सांगितलं होतं तसाच चालला. त्याने पुढे स्वतःचा छोटा कारखाना काढला. तिथे आजवर एकही बॅटरी पेटलेली नाही. थोरली बँकेत व्यवस्थापक झाली आणि दर वर्षी बाईंना फुलं पाठवत राहिली.

बाई आणखी सहा वर्षं जगल्या. कोणालाच ओळखत नव्हत्या, पण चिडचिड नव्हती, त्रास नव्हता. काका शेवटपर्यंत त्यांचे केस विंचरायचे. त्या गेल्यानंतर दोन वर्षांनी काकाही गेले.

धाकटी प्राध्यापक झाली, तिचे स्वतःचे विद्यार्थी झाले, आता तीही निवृत्तीकडे झुकलीय. बाईंची पेटी तिने सगळ्यांना मोकळी करून दिली. पुष्कळ ठिकाणी ती अभ्यासक्रमात आहे. मुलं ती चालवतात, आलेख उतरतो, शून्यावर राहतो. परत कधीच चढला नाही. धाकटी दर वर्षी कोणाला ना कोणाला विचारून खात्री करून घेते.

मागच्या वर्षी एका परिषदेत चहाच्या वेळी दुसऱ्या देशातली एक तरुण अध्यापिका तिच्याशी येऊन बोलली. चालू पेटीबद्दल तिची काही तक्रार नव्हती. तिने एक प्रत डिस्कवर घालून कपाटात कुलपात ठेवली होती, मूळ रचना म्हणून. ती कोणी चालवलेली नाही. दर सत्राला ती फक्त उघडून मुलांना दाखवते आणि परत ठेवते.

"ती ठेवली तशी राहत नाही," अध्यापिका संकोचून म्हणाली. "दर वेळी थोडी हललेली असते. मला वाटलं डिस्क खराब झाली, म्हणून मी बदलली."

"किती हललेली?" धाकटीने विचारलं.

"फार नाही. पण विस्कटल्यासारखी नाही वाटत हो. साखळ्यांची टोकं सगळी एका बाजूला वळलीयत. पडद्याच्या बाहेर, आपण बसतो त्या बाजूला."